ज्याची बातमी येत नाही, त्याची बातमी काढा

आमच्या बॅचची वही माझ्याकडे असते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९८४ साली आम्ही इलेक्ट्रिकलचे बी. ई. झालो. वर्गात साठेक जण होतो, त्यांत मुली तिघी. वही म्हणजे दुकानात असतं तसं लांबट, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. प्रत्येकाच्या नावापुढे मूळ गाव, सध्याचा पत्ता, फोन, घरच्यांची नावं असे रकाने आहेत आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना आहे: ‘शेवटची खबर’. त्यात फक्त तारीख लिहायची. त्या माणसाशी आपल्यापैकी कोणी शेवटचं कधी बोललं, त्याची तारीख. ती जुनी होत चालली की फोन करायचा. वीज मंडळाच्या नोकरीत असताना हे काम रविवारी व्हायचं. २०२० साली महावितरणमधून निवृत्त झाले, तेव्हापासून सकाळचा वेळ त्यासाठीच ठेवला आहे.

कॉलेज सोडून तीस-चाळीस वर्षं झालेल्या बहुतेक बॅचेसचे आता व्हॉट्सॅप ग्रुप आहेत. अधूनमधून गेट-टुगेदर होतं, फोटो निघतात आणि आपण सगळे संपर्कात आहोत असं वाटतं. ग्रुपवर बोलणारे मात्र दहा-बाराच असतात. वर्गातल्या दोघांचीच बातमी आपोआप पोचते: ज्याचं नाव झालं त्याची आणि जो गेला त्याची. कोणी मुख्य अभियंता झाला, कोणी परदेशात कंपनी काढली, की संध्याकाळपर्यंत सगळीकडे होतं. कोणी वारलं तरी बहुतेक वेळा कळतं. या दोहोंच्या मधे जे आपापला संसार ओढत असतात, त्यांची खबर मुद्दाम काढावी लागते. वर्गमित्र म्हणून आपलं खरं काम तेच आहे, असं मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

मु. पो., ता., जि.

शेवटच्या वर्षाच्या ओरल्स चालू होत्या तेव्हा मी एका जर्नलच्या कोऱ्या पानांवर सगळ्यांचे पत्ते उतरवून घेतले. कुणाचीच नोकरी ठरलेली नव्हती, म्हणून प्रत्येकाने घरचा पत्ता दिला. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोला, गडहिंग्लज, बार्शी. कित्येकांच्या घरात तोवर कोणी पदवीधर नव्हतं. हॉस्टेलवर जीटी मारून, म्हणजे काचेखाली दिवा लावून, एकमेकांच्या ड्रॉइंग शीट उतरवणारी ही मुलं सुट्टीत घरी जाऊन पेरणीला उभी राहत.

त्या काळी महाराष्ट्रात अभियांत्रिकी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, नागपूरचं व्हीआरसीई, कराड, औरंगाबाद आणि अमरावतीची सरकारी कॉलेजं, आणि आमचं सांगलीचं. आमचं कॉलेज धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सुरू केलं, १९५५ मध्ये त्याला वालचंद हे नाव मिळालं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदान खासगी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि पुढे गावोगावी इंजिनिअर घडू लागले. आम्ही त्याच्या आधी, १९८० साली आत आलो. वेगवेगळ्या जिल्ह्यांतली मुलं एकाच वर्गात येऊन बसली आणि चार वर्षांनी तितक्याच लांब पांगली.

गावचा तो पत्ता पुढे फार कामाला आला. मुंबईची खोली सुटते, कंपनीचं क्वार्टर रिकामं करावं लागतं, बदलीत घर मोडतं. गावात भाऊ असतो, चुलता असतो, नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार तरी असतो. तीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर कार्ड टाकल्यावर पुतण्याने फोन केला, असं माझ्या वहीत अनेकदा घडलं आहे.

वही करताना एक गोष्ट मी सुरुवातीलाच ठरवली. नावं १९८४ ला बाहेर पडणाऱ्यांची नव्हेत, १९८० ला आत आलेल्यांची लिहायची. ज्यांचं वर्ष मध्येच गेलं, ते ‘इयर डाउन’ झालेले मित्र आमच्या फोटोत नाहीत. पुढच्या बॅचमध्ये ते नवखे होते. दोन्हीकडच्या यादीतून अशी मुलं गळतात आणि चाळीस वर्षांनीही त्यांना गेट-टुगेदरचं बोलावणं जात नाही. आमच्या वहीत ती आहेत.

पत्रिका, एसटीडी आणि त्यानंतरचं

पहिली दहा वर्षं बातमी आली ती लग्नपत्रिकांतून. पत्रिकेवर मुलाच्या नावाखाली हुद्दा आणि कंपनी छापलेली असे, तेवढ्यावरून कोण कुठे लागला ते कळे. मंडपात आणखी चौघांची खबर मिळे आणि ती मी परतीच्या एसटीत तिकिटामागे लिहून आणत असे. आंतर्देशीय पत्रं येत. घाईचं असेल तर तार. पुढे गल्लोगल्ली पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. अमेरिकेला गेलेल्या मित्रांनी हॉटमेलचे पत्ते पाठवले आणि नंतर याहूवर बॅचचा ग्रुप काढला. मग ऑर्कुट आलं, फेसबुक आलं, व्हॉट्सॅप आलं. प्रत्येक वेळी वाटलं की आता कोणी हरवणार नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये संपले आणि तिथली पत्रं, फोटो त्याआधीच पुसले गेले. तारसेवा २०१३ च्या जुलैत थांबली. साधनं येतात आणि जातात. मी त्यांतलं प्रत्येक वापरलं, पण दर वेळी त्यातून मिळालेला पत्ता वहीत शाईने उतरवून ठेवला. आमची यादी टिकली ती त्यामुळे.

एका वर्गातला महाराष्ट्र

वही वाचत गेलं की चाळीस वर्षांचा इतिहास माणसांच्या नावानिशी समोर येतो. कुवेतमध्ये सबस्टेशनच्या कामावर गेलेला एक मित्र २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य घुसलं तेव्हा तिथेच अडकला. आटपाडी भागात त्याचे वडील रेडिओला कान लावून बसलेले. कुवेतमधले भारतीय इराकमार्गे जॉर्डनला पोचत होते आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणत होती. जवळपास पावणेदोन लाख माणसं तशी परत आली. मुंबईतले आमचे दोन वर्गमित्र आळीपाळीने सहार विमानतळावर थांबले. मित्र दिसला त्याच दिवशी त्यांनी गावी तार केली. घरच्यांना मुलगा सुखरूप असल्याचं पहिल्यांदा कळलं ते वर्गमित्राच्या तारेतून.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. वीज मंडळाची पथकं सोलापूरहून निघाली, त्यांत आमच्यातला एक होता. पडलेल्या लायनी उभ्या करायच्या, छावण्यांना तात्पुरता पुरवठा द्यायचा. उमरगा तालुक्यात त्याला आमचाच दुसरा वर्गमित्र भेटला, नातेवाइकांना शोधायला आलेला. दोघांची सांगली सोडल्यानंतरची ती पहिली भेट. ‘एकाच बॅटरीवर रात्रभर फिरलो,’ एवढीच ओळ त्याने मला पत्रात लिहिली होती. ते पत्र वहीला टाचलेलं आहे.

१३ मार्च १९९९ ला कोयनेच्या शिवसागर जलाशयात लेक टॅपिंग झालं. जलाशय रिकामा न करता तळाच्या बाजूने बोगदा खणत न्यायचा आणि शेवटचा खडकाचा पडदा स्फोटाने उडवून पाणी आत घ्यायचं, असं ते काम. आशियातला हा पहिला प्रयोग मानला जातो. चौथ्या टप्प्याच्या भूमिगत वीजगृहात २५० मेगावॉटचे चार संच बसले. ते बसवणाऱ्यांत आमच्या वर्गातला जतचा मुलगा होता. दुष्काळी गावातून आलेल्या या माणसाची उमेदीची वर्षं धरणाच्या पाण्याखाली गेली. वृत्तपत्रांत प्रकल्पाची बातमी आली, त्याची आली नाही. वहीत ती आहे.

नव्वदच्या दशकात निम्मे इलेक्ट्रिकलवाले सॉफ्टवेअरकडे वळले, दोन हजार सालाच्या संगणकबदलाच्या कामासाठी अमेरिकेला गेले आणि तिथेच राहिले. उरलेले साखर कारखान्यांत, एमआयडीसीत, पाटबंधारे खात्यात आणि मंडळात. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि एकाच मंडळातले वर्गमित्र महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा तीन कंपन्यांत वाटले गेले.

माहेरच्या पत्त्यावर

वर्गातल्या मुली शोधणं सगळ्यात अवघड. लग्नानंतर आडनाव बदलतं, आपल्याकडे पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलतं. पदवीच्या कागदावर एक बाई आणि दारावरच्या पाटीवर दुसरीच. मुलांच्या गप्पांत त्यांचं नाव निघत नाही, कारण त्या काळी बोलणंच बेताचं होतं. आम्हा तिघींना मुलं ‘अहो’ म्हणत, प्रॅक्टिकलच्या ग्रुपमध्येसुद्धा. आता साठीनंतर तेच मित्र ‘अगं, ऐक की’ म्हणतात, ते ऐकायला फार बरं वाटतं.

आमच्यातल्या एकीची वीस वर्षं काही खबर नव्हती. ‘तिने नोकरी केली नाही वाटतं,’ एवढंच सगळे सांगत. मी तिच्या माहेरी, वहीतल्या मूळ पत्त्यावर गेले. भावाचं किराणा दुकान होतं. त्याने विट्याचा नंबर दिला. विट्याला गेले तर ती सासरच्या यंत्रमागांच्या मोटारी स्वतः रिवाइंड करत होती. हाताखाली चार मुलं तयार केली होती, आसपासच्या शेडमधूनही मोटारी तिच्याकडे येत. वर्गाने ज्या बाईला घरी बसलेली समजून यादीतून बाजूला ठेवलं होतं, ती आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा जास्त इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करत होती. तिची ही बातमी आली नाही, कारण ती विचारलीच गेली नव्हती.

फोन न उचलणारा मित्र

‘शेवटची खबर’ हा रकाना मी २०१४ च्या सुमाराला आखला, त्याला कारण घडलं. पुण्याजवळच्या एका कारखान्यात काम करणारा आमचा एक मित्र. कारखाना बंद पडला तेव्हा त्याचं वय पंचेचाळीसच्या आसपास. पुढे छोट्या-मोठ्या नोकऱ्या. ग्रुपवर मुलांच्या परदेशी शिक्षणाचे फोटो येऊ लागले तसा तो गप्प होत गेला आणि मग नंबर बदलला. तो गेल्याचं वर्गाला कळलं ते पुष्कळ महिन्यांनी.

आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो. वहिनी शिवणकाम करून घर चालवत होत्या. बोलता बोलता कळलं की पेन्शनचा अर्जच झालेला नाही. कंपनी बंद, आता कोण देणार, अशी त्यांची समजूत. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ पासून आहे. सभासदाची दहा वर्षांची सेवा झालेली असेल आणि नोकरी सुटल्यावर अठ्ठावन्नच्या आत त्याचा मृत्यू झाला, तरी विधवेला पेन्शन मिळतं. ते कंपनी देत नाही, भविष्य निर्वाह निधी कार्यालय देतं. त्यासाठी फॉर्म १०-डी भरायचा. आस्थापना बंद झाली असेल तर मालकाच्या सहीऐवजी राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजर यांचं साक्षांकन चालतं. आमच्यातला एकजण बँकेत होता. कागद जमवले, फॉर्म भरला, पाठपुरावा केला आणि पेन्शन सुरू झालं. रक्कम मोठी नाही, पण ती दर महिन्याला येते. वहिनींचं नाव आता वहीत त्याच्या नावाखाली आहे आणि त्यांच्याही पुढे तारखेचा रकाना आहे.

नोकरी गेलेला, धंदा बुडालेला, आजारी पडलेला, मुलाशी न पटणारा माणूस गप्प बसतो, कारण आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं त्याला वाटतं. जिथे फक्त यशाच्या बातम्या सांगितल्या जातात, तिथे बाकीचे आपोआप तोंड मिटतात. या लोकांना ‘कसा आहेस’ विचारलं की ‘मजेत’ हेच उत्तर येतं. त्यांच्याकडे काम घेऊन जावं. दुसऱ्या एका अबोल मित्राला मी माझ्या भावाच्या सौरपंपाचं अर्थिंग पाहून देशील का, असं विचारलं. तो आला, दिवसभर राहिला, जेवला आणि निघताना स्वतःहून तीन वर्षांचं सगळं सांगून गेला.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात या वहीचा वेगळाच उपयोग झाला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात तळमजल्यावर कोण राहतं, कोणाच्या घरी म्हातारे आई-वडील आहेत, हे वहीत होतं. त्या यादीनुसार फोन झाले आणि मिरजेतल्या, कोल्हापूर रस्त्यावरच्या वर्गमित्रांनी आपापल्या घरी माणसं आणली. कोविडच्या लाटांत आम्ही एक नियम पक्का केला. घरच्या माणसाशी आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय ग्रुपवर श्रद्धांजली टाकायची नाही. २०२१ मध्ये आमच्या एका जिवंत मित्राला हार घातलेला फोटो फिरायचा राहिला, तो या नियमामुळे.

अभ्यासक काय सांगतात

माणसाच्या आठवणींवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना असं आढळलं आहे की चाळिशी उलटलेल्यांना सर्वांत जास्त आणि सर्वांत स्पष्ट आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या येतात. कॉलेजची वर्षं त्याच्या ऐन मध्यात. तेव्हाच्या माणसाशी चाळीस वर्षांनी बोलतानाही ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही, ती यामुळे.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांवर सुरू झालेला एक अभ्यास आयुष्यभर चालला आणि पुढच्या पिढीपर्यंत पोचला. त्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी निघाले. ते भाकीत कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून जास्त नेमकं करता आलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की नोकरीची उपयोगी माहिती पुष्कळदा रोजच्या मित्रांकडून मिळत नाही, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून मिळते. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, लांबचा माणूस वेगळ्या जगात वावरत असतो. एका वर्गातून बाहेर पडून साठ ठिकाणी गेलेली माणसं म्हणजे अशा ओळखींचा मोठा साठा.

हार्वर्डमध्ये प्रत्येक बॅचचं ‘रेड बुक’ दर पाच वर्षांनी निघतं, त्यात माजी विद्यार्थी आपली हकिगत स्वतः लिहून पाठवतात. पद्धत चांगली आहे, पण जो लिहीत नाही त्याची जागा कोरी राहते. म्हणून मी लिहायला सांगत नाही, विचारायला जाते.

तुमच्या वर्गाची वही

हे काम कोणालाही करता येतं आणि त्याला खर्च नाही. जुन्या प्रवेशयादीवरून सुरुवात करा, पदवीच्या यादीवरून नको. मागे राहिलेले, मध्येच सोडून गेलेले, सगळे घ्या. मुलींची माहेरची नावं आणि माहेरचे पत्ते लिहा. प्रत्येक जिल्ह्यासाठी एकाने जबाबदारी घ्या, म्हणजे एकट्यावर भार येत नाही. वर्षातून एकदा प्रत्येकाशी आवाजाने बोलणं झालं पाहिजे. फॉरवर्ड केलेला सुप्रभात म्हणजे खबर नव्हे. गेलेल्यांची नावं खोडू नका, त्यांच्या घरच्यांचा नंबर जोडा. आजारपण, कर्ज, घरातले वाद वहीत लिहू नका, ते ऐकून मनात ठेवायचं असतं. आणि वहीची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. माझी प्रत विट्याच्या मैत्रिणीकडे आहे.

हा लेख वाचून झाल्यावर आपल्या वर्गातल्या एका अशा नावाची आठवण काढा, ज्याच्याविषयी गेल्या पाच वर्षांत तुम्ही काहीच ऐकलेलं नाही. नंबर नसेल तर गावचा पत्ता मिळवा. त्याला फोन करा. पगार, फ्लॅट आणि मुलांची पॅकेजं विचारू नका. आपण अमुक बॅचचे, तुझी खबर घ्यायला फोन केला, एवढं सांगा आणि तो बोलेल ते ऐका. हे आजच करा.